पन्नाशीला आलेल्या नाट्यगृहाचा इतिहास लिहायला कुठून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शहरातल्या नगरपालिकेच्या नाट्यगृहाला पुढच्या वर्षी ५० वर्षं पूर्ण होतायत, स्मरणिका निघणार आहे आणि ‘नाट्यगृहाचा इतिहास’ व ‘आजवरचे कार्यक्रम’ असे दोन लेख तुमच्याकडे आलेत. हाताशी आहे कोनशिलेचा फोटो, उद्घाटनाच्या बातमीचं एक कात्रण आणि नगराध्यक्षांची यादी. मुदत दोन महिन्यांची. पहिलं पान लिहून झालं आणि पुढे काय लिहावं ते कळत नाही.

इमारतीचा इतिहास खरोखरच एका पानाचा असतो. ठराव झाला, जागा मिळाली, पैसे अडले, सुटले, फीत कापली. त्यानंतर ५० वर्षं त्या पडद्यामागे आणि पडद्यापुढे जे घडलं तो खरा ऐवज, आणि तोच तुम्ही दुसऱ्या लेखासाठी बाजूला काढून ठेवलाय. तुमची अडचण या वाटणीत आहे असं मला वाटतं. समितीला विनंती करा आणि दोन्ही लेख एक करून घ्या.

मी २६ वर्षं एका नगरपालिकेच्या नाट्यगृहात काढली. आधी तिकीट खिडकीवर, मग व्यवस्थापक म्हणून. निवृत्तीनंतर आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नाट्यगृहाच्या स्मरणिकेचं काम केलं. पहिल्या वेळी मीही तुमच्यासारखाच पहिल्या पानाशी थांबलो होतो. पुढची वाट सापडली ती तारखांच्या वहीत.

ही वही प्रत्येक नाट्यगृहात असते, निदान संगणक येईपर्यंत तरी होतीच. लांबट, जाड पुठ्ठ्याची नोंदवही. तारखेपुढे सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं आखलेली. सत्रापुढे संस्थेचं नाव, कार्यक्रम, अनामत, भाडं, पावती क्रमांक आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना फार मोलाचा. ‘तारीख सोडली’, ‘तारीख बदलून दिली’, ‘प्रयोग रद्द, अनामत परत’, ‘वीज नाही’, ‘कलाकार आजारी’. कारकुनानं घाईत लिहिलेल्या या तीन-चार शब्दांमागे एकेक संध्याकाळ उभी असते.

आता वही कुठे मिळेल ते. तुमचं नाट्यगृह नगरपालिकेचं, म्हणून अलीकडच्या काही वर्षांच्या वह्या व्यवस्थापकाकडे, त्याआधीच्या अभिलेख कक्षात किंवा लेखा विभागात, आणि कुठेच नाहीत असं सांगण्यात आलं तर रंगमंचाखालच्या तळघरात. आमच्या पहिल्या अकरा वर्षांच्या वह्या मला जुन्या मखमली पडद्याच्या गाठोड्यामागे मिळाल्या. वाळवीनं दोन वह्यांच्या कडा खाल्ल्या होत्या, पण अक्षर शाबूत होतं.

वह्या नष्टच झाल्या असतील तर काम अवघड होतं, थांबत मात्र नाही. भाड्याची पावती पुस्तकं लेखापरीक्षणासाठी जपलेली असतात, त्यांवर संस्थेचं नाव आणि तारीख मिळते. शाळांच्या वार्षिक अहवालांत स्नेहसंमेलनांच्या तारखा असतात. हौशी संस्थांकडे निमंत्रणपत्रिकांच्या फायली असतात. स्थानिक वर्तमानपत्राचे जुने अंक जिल्हा ग्रंथालयात बांधून ठेवलेले असले तर नाटकांच्या जाहिराती चाळा. आणि एका माणसाला विसरू नका : गावातला जुना ध्वनिक्षेपकवाला. तो स्वतःची रोजकीर्द ठेवतो, कारण त्याला बिल वसूल करायचं असतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या नाट्यगृहाची सहा वर्षांची नोंद मला अशाच एका वहीतून मिळाली.

आता वही कशी वाचायची. पन्नास वर्षांची प्रत्येक ओळ दोन महिन्यांत उतरवून होणार नाही, आणि तशी गरजही नाही. मी पहिली दोन वर्षं पूर्ण उतरवली, त्यानंतर दर पाचवं वर्ष घेतलं, आणि मधल्या वह्या फक्त शेऱ्यांसाठी चाळल्या. प्रत्येक नोंदीला एक रंग दिला. व्यावसायिक नाटकाला लाल, हौशी आणि स्पर्धेच्या प्रयोगांना निळा, गाण्याच्या मैफली आणि नृत्याला हिरवा, लावणी आणि ऑर्केस्ट्राला केशरी, शाळांना पिवळा, सभा-संमेलनांना काळा. असं एक वर्ष भिंतीवर लावलं की शहराचं पंचांगच समोर येतं. डिसेंबर-जानेवारी पिवळा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या सुमारास पानं पांढरी. मे महिन्यात बालनाट्यांची गर्दी. गणपतीत आपलं नाट्यगृह ओस, कारण मंडळी चौकाचौकात कार्यक्रम करत असतात. दिवाळीनंतर पुन्हा लाल.

मग दोन वर्षं शेजारी ठेवायची, पहिलं आणि विसावं समजा. आमच्याकडे पहिल्या वर्षांत रात्रीचं सत्र सगळ्यात भरलेलं होतं आणि नाटक तीन अंकी असायचं. रात्री उशिरा प्रयोग संपे, लोक चालत घरी जात. पुढे रात्रीची तारीख मागणारे घटले आणि रविवार दुपारसाठी रांग लागू लागली. नाटकं दोन अंकी झाली, घरोघरी दूरदर्शन आला, माणसं शहराच्या कडेला राहायला गेली आणि शेवटची बस लवकर सुटू लागली. ही चार कारणं मी अंदाजानं नाही लिहिली, जुन्या प्रेक्षकांना विचारून लिहिली. पण विचारायचं काय, हे वहीनं सुचवलं. नुसतं ‘पूर्वी फार छान नाटकं यायची’ असं लिहिलं असतं तर वाचकानं मान डोलावून पान उलटलं असतं.

निळ्या रंगाकडे मी तुम्हाला जास्त वेळ द्यायला सांगेन. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून होतेय. तुमचं नाट्यगृह तिच्या प्राथमिक फेरीचं केंद्र असेल, तर वहीत दरवर्षी ओळीनं कित्येक संध्याकाळी एकाच नावावर लिहिलेल्या सापडतील. त्या संध्याकाळी गल्ला नसतो. प्रेक्षकांत निम्मे दुसऱ्या संघाचे कलाकार असतात. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, एसटीतला वाहक दिवसाची नोकरी करून तालमी करतात आणि वर्षातून एकदा पूर्ण प्रकाशयोजनेसह मोठ्या रंगमंचावर उभे राहतात. छोट्या शहराच्या नाट्यगृहानं शहराला काय दिलं याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर या नोंदींत आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या गाजलेल्या नाटकांची यादी कुठल्याही नाट्यगृहाची सारखीच निघेल. या संघांची नावं फक्त तुमच्याकडे आहेत. ती सगळी छापा. जागा कमी पडली तर मान्यवरांचे शुभेच्छा-संदेश कमी करा.

पिवळ्या रंगाबाबतही हेच. स्नेहसंमेलनाला ‘कार्यक्रम’ मानायचं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर मानायचं. शहरातल्या कितीतरी माणसांच्या आयुष्यात रंगमंचावर पाऊल ठेवण्याचा तो एकच प्रसंग असतो. डोळ्यांवर येणारा दिव्यांचा झोत, समोर अंधार आणि त्या अंधारात कुठेतरी बसलेली आई. आमच्या स्मरणिकेत या पानाबद्दल जितकी पत्रं आली तितकी दुसऱ्या कशाबद्दल आली नाहीत.

इतिहास आणि कार्यक्रम एकत्र का लिहायचे, याची दोन-तीन मोठी उदाहरणं देतो, म्हणजे समितीला पटवताना उपयोगी पडतील. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. पण त्याआधी, जुलै १९६७ मध्ये, बालगंधर्व गेले होते. ज्यांच्या नावाचं रंगमंदिर त्यांनाच त्याचा पडदा उघडताना पाहता आला नाही. कोनशिलेवरच्या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय हे जाणवत नाही. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. इमारतीनं ज्या कलेसाठी जन्म घेतला ती अशी थेट भिंतीवर आहे. तुमच्याकडेही नाव कुणाचं, ते का दिलं, आणि त्या माणसाच्या कलेतलं काही त्या रंगमंचावर पुढे झालं का, हे तपासा.

दुसरं उदाहरण मुंबईच्या एनसीपीएचं, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकारानं १९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था. नरिमन पॉइंटच्या तिच्या आवारात एक नाही, पाच प्रेक्षागृहं आहेत. १९८० मध्ये उघडलेलं टाटा थिएटर सुमारे १,००० आसनांचं. त्याचा आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. ध्वनिवर्धकाविना गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, हा तिथला मूळ विचार. एक्सपेरिमेंटल थिएटर सुमारे ३०० जणांचं, आणि तिथल्या खुर्च्या नाटकाच्या गरजेप्रमाणे हलवता येतात. १९९९ मध्ये उघडलेल्या जमशेद भाभा थिएटरात वाद्यवृंदासाठी रंगमंचापुढे खोल जागा आहे, म्हणून तिथे ऑपेरा होऊ शकतो. २००६ मध्ये तिथेच सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाही सुरू झाला. दालन कसं आहे यावर तिथे काय होईल हे ठरतं. विजया मेहता यांनी बरीच वर्षं या संस्थेची धुरा सांभाळली, आणि मराठी प्रायोगिक नाटकालाही त्या आवारात जागा राहिली.

आपल्या गावच्या नाट्यगृहात पाच दालनं नसतात, पण हाच प्रश्न विचारता येतो. तुमच्या रंगमंचाची खोली किती आहे? विंगांत फिरत्या नाटकाचा सेट उभा करून ठेवता येतो का? मागच्या दारापर्यंत मंडळींची बस आणि टेम्पो येतो, की सामान रस्त्यावरून वाहून आणावं लागतं? आमच्याकडे मागचं दार अरुंद होतं. त्यामुळे मोठ्या सेटची नाटकं कित्येक वर्षं आमच्या शहराला टाळून पुढे जात. दार रुंद केलं त्या वर्षापासून वहीतला लाल रंग वाढला. दार रुंद करण्याचा ठराव नगरपालिकेच्या इतिवृत्तात एका ओळीचा होता. आमच्या प्रेक्षकांच्या दृष्टीनं तो उद्घाटनाइतकाच मोठा दिवस होता, आणि मी तो तसाच लिहिला.

आणि इमारत नसतानाही केंद्र उभं राहतं हे लिहायला संकोच करू नका. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून प्रयोग सुरू केले. त्या शाळेच्या नावानं प्रायोगिक रंगभूमीची एक चळवळच ओळखली जाते. तुमच्या शहरात नाट्यगृह होण्याआधी नाटकं कुठे होत होती? तंबूत, शाळेच्या पटांगणात, सिनेमाच्या थिएटरात, देवळाच्या मंडपात? सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी पहिला प्रयोग केला तेव्हा नाट्यगृह अशी वेगळी वास्तू कुठे होती? तुमचा इतिहास कोनशिलेच्या आधीपासून सुरू करा. नाट्यगृह व्हावं असं ज्यांना वाटलं, त्यांना ते कुठल्या गैरसोयीतून वाटलं, तिथून.

इथवरचं थोडक्यात : वही शोधायची, काही वर्षं निवडून रंगवायची, बदल दिसला की त्याचं कारण माणसांना विचारायचं, आणि इमारतीतले फेरफार कार्यक्रमांच्या शेजारी ठेवून पाहायचे.

आता माणसांबद्दल. पडदा ओढणारे, दिवे लावणारे, दारावर उभे राहणारे, मेकअप रूमची किल्ली सांभाळणारे, झाडलोट करणाऱ्या बाया. यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असं म्हटलं तर बहुतेक जण मोठ्या नटांची नावं घेतात आणि थांबतात. त्यांना वाटतं, आपल्याला हेच विचारलंय. त्यांच्यापुढे वहीचं एक पान ठेवा. आमच्या एका निवृत्त डोअरकीपरपुढे मी जुलैचं एक पान ठेवलं. शेरा होता : ‘पाऊस. प्रयोग रद्द. अनामत परत.’ त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली आणि म्हणाले, रद्द कसला, त्या रात्री प्रयोग झाला होता. मंडळींची बस नदीच्या पलीकडे अडकली होती. तिकिटाचे पैसे परत घेऊनही पन्नास-साठ माणसं पावसामुळे आतच बसली होती. मग स्पर्धेसाठी तालीम केलेल्या आपल्या पोरांनी साध्या कपड्यांत, दोन दिव्यांत एकांकिका करून दाखवली. त्यातला एक मुलगा पुढे शहराच्या हौशी रंगभूमीचा आधार झाला. दप्तरात रद्द असलेली ती रात्र स्मरणिकेच्या मधल्या दोन पानांवर आली. त्या एकांकिकेतले चारही जण तेव्हा हयात होते. चौघांकडून वेगवेगळं विचारून मी ती हकीकत पक्की केली.

पक्की करण्याचं हे काम टाळू नका. ‘आमच्या नाट्यगृहातला पहिला प्रयोग कुठला’ याची तुम्हाला तीन ज्येष्ठांकडून तीन उत्तरं मिळतील आणि तिघेही मनापासून बोलत असतील. उद्घाटनाचा समारंभ, निमंत्रितांसाठीचा प्रयोग आणि तिकीट लावून झालेला पहिला प्रयोग हे तीन वेगळे दिवस असू शकतात. वही, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि पावती यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्या तरच तारीख छापा. व्यावसायिक नाटकांच्या बाबतीत, नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत काही नाट्यगृहांच्या फायलींत राहिलेली असते, तिचाही उपयोग होतो. जुळत नसेल तर ‘पहिल्या महिन्यातला एक प्रयोग’ असं लिहा. त्यानं लेखाचं काही बिघडत नाही.

नावांचंही तसंच. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये शाहू महाराजांनी उभारलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. ज्या केशवरावांच्या नावानं ते आज ओळखलं जातं, त्यांचं निधन १९२१ मध्ये झालं. त्याच वर्षी जुलैत, टिळक स्वराज्य फंडासाठी, त्यांनी आणि बालगंधर्वांनी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला होता. तो कुठल्या इमारतीत झाला हे आज सहज कुणी सांगू शकणार नाही, पण तो प्रयोग शंभर वर्षं झाली तरी लोकांच्या बोलण्यात आहे. त्या-त्या काळी जे नाव होतं तेच त्या काळाबद्दल लिहिताना वापरा, आणि बदललं कधी ते एकदा सांगा.

पांढऱ्या पानांना घाबरू नका. मार्च २०२० नंतर आपल्या सगळ्यांच्या वह्या कोऱ्या आहेत. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर २०२० ला, म्हणजे रंगभूमी दिनीच, निम्म्या आसनांवर नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात तुमच्या रंगमंच कामगारांनी घर कसं चालवलं, हे लिहा. दुरुस्तीसाठी नाट्यगृह बंद राहिलं असेल तर तेही लिहा : किती महिने, कशामुळे, आणि तेवढ्या काळात स्पर्धा कुठे झाली. दुसऱ्या स्मरणिकेच्या वेळी तिथल्या समितीनं दीड वर्षाच्या बंदचा उल्लेख काढायला लावला. मी वाद घातला आणि हरलो. प्रकाशनाच्या दिवशी तिथल्या एका दिवे सांभाळणाऱ्या माणसानं मला विचारलं, ते दीड वर्ष कुठे गेलं? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुम्ही समितीशी याबद्दल लिहायला बसण्याआधीच बोलून घ्या.

वही हाती लागली की लेखाआधी एक काम करा. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच्या दोन प्रती नाट्यगृहाच्या बाहेर, वेगवेगळ्या घरी ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या बातम्या पाहताना मला सारखं वाटत होतं, दप्तर कुठे असेल? आमच्या अकरा वह्यांची तेव्हा एकही प्रत नव्हती. पुढच्या रविवारी नातवाला घेऊन बसलो आणि सगळी पानं टिपली.

जाताना सुती फडका, विजेरी आणि तोंडावर बांधायला रुमाल न्या. जुन्या पानांना ओला हात लावू नका. नोंदींशेजारी पेन्सिलीनं केलेले गोल, फुल्या किंवा आडव्या रेघा दिसतील. आमच्याकडे गोल म्हणजे अनामत जमा आणि दुहेरी रेघ म्हणजे हाऊसफुल्ल, पण प्रत्येक खिडकीची खूण वेगळी असते. आधी जुन्या बुकिंग क्लार्कला दाखवा. ते नसतील तर पहिल्या वर्षाची तीन-चार पानं मला पाठवा, आपण मिळून लावू.